हार्ट अटॅकनंतर: चरबीतल्या पेशी की कार्डियाक रिहॅब?

स्टेंट पडला, गोळ्या सुरू झाल्या, टू-डी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) चाळिशीच्या आसपास. नागपुरात अशा माणसाला सल्ले देणाऱ्यांची वानवा नाही. माझ्यासमोर दोन गोष्टी आल्या: पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी हृदयात सोडायच्या, नाहीतर धंतोलीत फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली रिहॅब, म्हणजे हृदयासाठी बेतलेला व्यायाम आणि पथ्याचे धडे. मी दुसरी धरली, तेव्हा माझा कल लक्षात आलाच असेल.

चरबीची कल्पना मला आजही आवडते. पोटावर माल भरपूर, आणि अस्थिमज्जेपेक्षा त्यातून कामाच्या पेशी कितीतरी पट जास्त निघतात. त्या स्वतः हृदयाचा स्नायू होतात असं नाही. त्यांच्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, दाह कमी व्हावा, एवढी अपेक्षा. पण या पेशींच्या ‘अपोलो’ नावाच्या चाचणीत रुग्ण होते १४. ‘अथेना’ ही दुसरी चाचणी ३१ रुग्णांवरच थांबली. लोकांना बरं वाटलं, इजेक्शन फ्रॅक्शन मात्र हललं नाही.

माझं घोडं अडलं ते लायपोसक्शनवर. स्टेंटनंतर साधारण वर्षभर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या असतात. दाढी करताना जरा कापलं तरी टॉवेल लाल व्हायचा. मी पेशीवाल्यांना विचारलं, चरबी काढताना या गोळ्या बंद करायच्या का? बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळीची भीती, चालू ठेवल्या तर रक्तस्रावाची. उत्तर आलं, "ते बघून घेऊ ना काका." खर्चाचा आकडा मात्र छापील कागदावर तयार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी हे उपचार मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. दात्याच्या चरबीतल्या तयार पेशी वापरल्या तर ही कटकट टळते खरी. पण युरोपातल्या ‘सायन्स’ चाचणीत, १३३ रुग्णांत, त्यांचाही फायदा दिसला नाही.

रिहॅब कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. छातीला इलेक्ट्रोड चिकटवून ट्रेडमिलवर चाला, मध्येच बीपी, वरून तर्री-पोह्यांवर व्याख्यान. मे महिन्यात घरचं चालणं तर सकाळी सहाच्या आत उरकावं लागतं. पण रिहॅबवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ६३ अभ्यास होते, आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू १०.४ वरून ७.६ टक्क्यांवर आले होते. मी आता तिसरा मजला न थांबता चढतो. त्यात स्टेंटचा वाटा किती, रिहॅबचा किती, कोण सांगणार?

इजेक्शन फ्रॅक्शन तिशीच्या खाली असेल तर माझा हिशेब जसाच्या तसा लावू नका. कोणी रीतसर चाचणीत घेत असेल, तर सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा, पैसे मागतात का बघा, आणि गोळ्यांचं काय करणार ते लेखी घ्या.