बगदादचं तिकीट, साताऱ्याचं पाकीट

पहिल्या महायुद्धातली टपाल जमवणाऱ्यांनी हे वाचाच. एका विक्रेत्याने बनावट तिकीट लावलेलं पाकीट विकून मला अठरा हजारांना गंडवलं. तक्रार दिली आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

इंग्रजी फौजांनी ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतलं. शहरात सापडलेल्या तुर्की तिकिटांवर ‘बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ हे शब्द आणि आण्यातली किंमत छापून १ सप्टेंबरपासून ती विकायला काढली. मुळात थोडीच होती, त्यामुळे भाव चढा आणि नकली मालाचा सुळसुळाट. छापाविना तेच तुर्की तिकीट बऱ्याचदा किरकोळीत मिळतं. सगळी कमाई त्या काळ्या अक्षरांत.

मला विकलेल्या पाकिटावर साताऱ्याकडच्या गावाचा मोडीतला पत्ता होता. “आपल्या मराठा पलटणीतल्या शिपायाचं पत्र आहे साहेब, परक्याच्या हाती जाऊ नये,” असं म्हणत त्याने ते गळ्यात मारलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी लढल्या हे खरंच, आणि डाव नेमका त्यावरच रचलेला. सोबत ‘तज्ज्ञाचं’ प्रमाणपत्र, घरच्या प्रिंटरवर काढलेलं.

भिंगाखाली तिकिटाच्या कोपऱ्यात जुन्या तुर्की शिक्क्याची पुसट कड दिसली आणि छापाचं एक अक्षर त्या कडेवर चढलेलं. खऱ्या तिकिटावर आधी छाप, मग टपालाचा शिक्का. इथे क्रम उलटा. म्हणजे वापरून झालेलं तिकीट हल्ली कधीतरी छापलेलं. वर मारलेल्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या (फौजेसोबतच्या टपाल कचेरीच्या) गोल शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेपाशी तुटते आणि पाकिटावर केसभर खाली सुरू होते, म्हणजे तो एका फटक्यात उमटलेला नाही. तारीख? जून १९१७. तिकीट निघायच्या आधीच वापरलं म्हणे!

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “जुना माल जसा आहे तसा विकतो.” मग नंबर ब्लॉक.

पाकीट आणि मोडी पत्ता मात्र जुनेच असावेत. रद्दीतून उचललेले असणार. आता त्याच हस्ताक्षरातलं दुसरं पाकीट जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतंय, या वेळी इराकमधल्याच मोसुलचं १९१९चं ‘आय.ई.एफ. डी’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी, म्हणजे तिकडे पाठवलेली हिंदी फौज) छापाचं तिकीट लावून. कुणाला आलं तर पैसे देण्याआधी तिकीट आणि पाकीट दोन्हींवर पसरलेल्या शिक्क्याचा मोठा, स्वच्छ स्कॅन मागा. मला त्याने फक्त तिरक्या उजेडातले मोबाइलचे फोटो पाठवले होते.