बीट्स विकायचे की रॅपरसोबत बसायचं?

लॅपटॉपमध्ये वीस-पंचवीस बीट्स, म्हणजे रॅपसाठी बनवलेलं बिनशब्दांचं संगीत, पडून आहेत आणि पुढे काय करायचं ते ठरत नाहीये, अशा वेळी रस्ते साधारण दोन दिसतात. ऑनलाइन दुकान मांडून बीट्स लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, द्यायचे, नाहीतर एखादा रॅपर धरून त्याच्यासोबत गाणी घडवायची. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीकडे हात पोळलेत, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा नको.

दुकानवाले हटकून यंगकिओचं नाव घेतात. नेदरलँड्समधल्या या पोराचा बीट लिल नास एक्सने 30 डॉलरला घेतला आणि त्यावरचं ‘ओल्ड टाउन रोड’ 2019 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकी गाण्यांच्या यादीत 19 आठवडे पहिलं राहिलं. गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या रेकॉर्डिंगचा तुकडा होता. मग त्या बँडचे ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावंही श्रेयात आली. म्हणजे 30 डॉलरच्या मालालाही वाटेकरी निघतात. असा दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेला तुकडा म्हणजे सॅम्पल; त्याबाबतीत रॅपर बिझ मार्कीच्या 1991 च्या खटल्यापासून कुणाला गैरसमजाला जागाच उरलेली नाही. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली होती.

लीजची गंमत अशी की एकच बीट दहा जणांना देता येतो. डोकेदुखीही तीच. माझ्या सुरुवातीच्या करारात कंटेंट आयडीबद्दल (यूट्यूबवर गाणं ओळखून मालकाच्या नावाने दावा लावणारी यंत्रणा) एक ओळसुद्धा नव्हती. एका गिऱ्हाइकाने आपलं गाणं तिथे नोंदवलं आणि त्याच बीटवर गायलेल्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर दावा लागला. दोघांचा राग माझ्यावर, आठवडाभर मी नुसता माफ्या मागत होतो. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे बीट कायमचा एकालाच, विकतानाही असाच घोळ होतो: बीट दुकानातून काढला तरी आधीच्या लीज आपापल्या मुदतीपर्यंत चालूच राहतात, आणि हे नव्या मालकाला आधी सांगायचं असतं.

तरी दुकान एक गोष्ट फुकटात शिकवतं: काम संपवायला. ऐकणारा आठ-दहा सेकंदांत पुढे सरकतो, त्यामुळे लांबलचक इंट्रोचं प्रेम आपोआप गळून पडतं.

रॅपरसोबत बसलं की नेमकं उलटं शिकावं लागतं. घरी भरगच्च वाटणारा बीट माइकसमोर अंगावर येतो. एकदा दुसऱ्या व्हर्समध्ये (कडव्यात) आमच्या गड्याचे ‘स’ आणि ‘ट’ ऐकूच येईनात. आवाज वाढवून पाहिला, आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर बदलला, काही होईना. शेवटी चार बार (तालाची चार आवर्तनं) हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, बंद केलं, पियानोचा वरचा भाग फिल्टरने कापला, आणि ओळ उठून उभी राहिली. मी तीन रात्री बसवलेला तो पियानो! रॅपर ड्रेकसोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या प्रोड्यूसर नोआ ‘40’ शेबिबच्या बीट्समध्ये वरचा पट्टा असा कापलेला, पाण्याखालून आल्यासारखा का असतो, ते मला त्या रात्री कळलं. तिथे रॅपरच्या आवाजासाठी जागा सोडलेली असते.

पैसा या रस्त्यावर उशिरा येतो. मास्टरवर, म्हणजे गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगच्या कमाईवर, प्रोड्यूसरला (बीटवाल्याला) साधारण 3 ते 5 टक्के मिळतात, पण हातात पडलेला अ‍ॅडव्हान्स बहुधा त्यातूनच आधी वळता होतो. रचनेचा, म्हणजे शब्द-सुरांच्या हक्काचा, हिस्सा वेगळा. बीटवाल्याला त्यातला अर्धा देण्याची पद्धत रूढ असली तरी कागदावर नसेल तर ती नुसती पद्धतच. आणि रॅपरने मध्येच नाद सोडला, तर वर्षभराचं काम हार्ड ड्राइव्हमध्ये पडून राहतं. हा धोका दुकानात नाही.

माणसांत बसायचा कंटाळा असेल, किंवा दर महिन्याला थोडं का होईना काही यायला हवं असेल, तर दुकान मांडा. ओळखीत दमदार रॅपर नसेल तरीही तेच. पण बीट विकला गेल्यावर त्याचं पुढे काय झालं याची हुरहुर लागत असेल, तर दुकानात तुमचं मन रमणार नाही. माझं रमलं नाही.

मी सांगेन, दुकानापासून सुरुवात करा आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवा. त्यातला एखादा तिसऱ्यांदा परत येऊन विचारेल, “दुसऱ्या व्हर्सला बीट जरा मोकळा करून देशील का?” त्याला चौथी लीज विकू नका. त्याला फोन करा, आणि पहिल्याच बैठकीत, माइक लावायच्या आधी, स्प्लिट शीटवर, म्हणजे कुणाचा किती वाटा ते लिहिलेल्या कागदावर, दोघांच्या सह्या घ्या.