एका हातात सांगाडे: कॉन्ट्रास्ट रंगांचा सहा महिन्यांनंतरचा अनुभव

रंगारी 'एक हात मारला', 'दोन हात मारले' म्हणतात, तो हात. भिंतीला दोन लागतात, ग्रिलला अस्तर धरून तीन. कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांची ख्याती अशी की बोटाएवढ्या पुतळ्याला एकच हात पुरे. सावली तोच पाडतो आणि उजेडही तोच दाखवतो. मला हे पटलं नव्हतं. जून ते नोव्हेंबर, साठ नग आणि नऊ बाटल्या झाल्यावर सांगते, निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, हे कळायला अख्खा जुलै गेला.

आम्ही सात जण आहोत. खेळतो 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने वॉरहॅमरचा काल्पनिक जगातला युद्धखेळ 1983 मध्ये आणला, 2015 मध्ये ते जग गुंडाळलं आणि जानेवारी 2024 मध्ये या नव्या नावाने परत मांडलं. तेव्हा पहिल्या दोन सैन्यांत ब्रेटोनियाचे सरदार होते आणि टूम किंग्ज होते, म्हणजे इजिप्तच्या धर्तीवरचे, थडग्यातून उठलेले राजे आणि त्यांचे सांगाडे. मी सांगाडे घेतले. कारण साधं आहे, सांगाड्याला कातडीचा रंग नसतो, एक काम कमी.

आमचं आव्हान असं होतं: सहा महिने, दर महिन्याला दहा नग पूर्ण, तीस तारखेच्या रात्रीपर्यंत ग्रुपवर फोटो. पुतळ्याच्या पायाखालच्या तळाला वाळू चिकटवून झालेली नसेल तर तो नग अपूर्ण. चुकलं तर सगळ्यांना मिसळ. माझ्या वाट्याला चाळीस भालेवाले, सोळा धनुर्धारी, तीन रथ आणि एक राजा. हिशेब जुळला म्हणून मी खूश होते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला असल्यामुळे नग मोजायची आणि सायकल टाइम लिहायची सवय अंगात मुरलेली आहे, त्यामुळे खालचे आकडे अंदाजपंचे नाहीत, वहीतले आहेत.

हे रंग पहिल्यांदा आणले सिटाडेलने, म्हणजे गेम्स वर्कशॉपच्याच रंगांच्या ब्रँडने, 2019 मध्ये. पुढे आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले, वालेहोचे एक्सप्रेस कलर आले. तिन्हींची बाटली 18 मिलीची. माझ्याकडे सगळं मिसळ आहे, काही नवं, काही ग्रुपमधून उष्टं घेतलेलं, तेव्हा हा अनुभव कंपनीचा नाही, प्रकाराचा समजा.

साधा ॲक्रिलिक रंग झाकतो. हा झाकत नाही, वाहतो. यात रंगद्रव्याच्या मानाने माध्यम, म्हणजे रंग ज्यात कालवलेला असतो तो पारदर्शक द्रव, जास्त, म्हणून तो उंचवट्यावर पातळ राहतो आणि खाचेत साचतो. बरगडीच्या माथ्यावर खालचं अस्तर दिसतं, तिथे उजेड. दोन बरगड्यांच्या मधे रंग दाट होतो, तिथे सावली. गोदेचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो ना, तसं मी आता सांगाड्याच्या छातीवरून रंग किती चढला ते ओळखते. बरगड्यांचे माथे उघडे राहिले तर बरोबर. माथे बुडाले तर ब्रश पुसून, जरासा ओलसर ठेवून, त्याच्या टोकाने जादा रंग शोषून घ्यायचा. हे पहिल्या अर्ध्या मिनिटात करायचं. नंतर नाही.

'नंतर नाही' हे मी ठळक लिहिलं असतं. या रंगावर दोनेक मिनिटांत दुधावर येते तशी साय धरते. एखादा ठिपका राहिलेला दिसतो, हात शिवशिवतो, आपण ब्रश लावतो आणि साय फाटते. वाळल्यावर तिथे चहाच्या कपाचा गोल उमटावा तसा काठ दिसतो. माझ्या पहिल्या आठ भालेवाल्यांपैकी पाच जणांच्या कवटीवर असे काठ आहेत. ते मागच्या रांगेत उभे असतात.

आता वेळ. माझी आधीची पद्धत म्हणजे हाडाचा रंग, त्यावर तपकिरी वॉश (खाचेत उतरणारा पातळ रंग), मग पुन्हा हाडाचा रंग, मग कडांना फिकट रेघ. एका सांगाड्याला पंचावन्न मिनिटं. कॉन्ट्रास्टने बावीस. यात हाडं सहा मिनिटांत होतात. उरलेली सोळा भाला, पट्टा, ढाल आणि चुका. म्हणजे हाडांपुरता 'एक हात' खरा आहे, अगदी खरा आहे. चाळीस नगांत माझे बावीस तास वाचले. हा आकडा मी नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "वाचले ते तास कुठे आहेत?" असो.

अस्तराबद्दल मात्र सविस्तर, कारण हे रंग पारदर्शक असल्यामुळे अस्तरातला प्रत्येक दोष वर येतो. जुलैत पावसाची उघडीप बघून मी सोळा धनुर्धारी गच्चीवर नेले आणि पांढरा स्प्रे मारला. हवा ओली, वारा उलटा, आणि मला घाई. रात्री हात फिरवला तर रव्याच्या लाडवासारखं खरखरीत. तरी मी हट्टाने वरून रंग लावला, आणि तो रव्याच्या कणाकणाभोवती साचला. सोळाच्या सोळा सांगाड्यांना कांजिण्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासले, त्यात दोन धनुष्यं मोडली. कॅनला दोष देत नाही; त्याच कॅनने नोव्हेंबरात, कोरड्या थंडीत, रथांवर लोण्यासारखं अस्तर बसलं. जुलैची मिसळ माझ्या नावावर लागली. सात प्लेट, दोघांनी जादा पाव घेतले, एकाने वर ताकही मागवलं.

त्यानंतर पावसाळाभर ब्रशने लावायचं अस्तर वापरलं. वेळ जातो, पण खिडकी बंद करून घरात करता येतं. आणि पद्धतही बदलली: आधी पूर्ण काळं अस्तर, त्यावर कोरड्या ब्रशने राखाडी, मग फक्त वरच्या अंगाने पांढरं, आणि शेवटी कॉन्ट्रास्ट. इंग्रजीत याला स्लॅपचॉप म्हणतात. कोरड्या ब्रशसाठी हॉबीचा महागडा ब्रश घेऊ नका. मेन रोडला बायकांच्या वस्तूंच्या दुकानात गालाला लाली लावायचा गोल मऊ ब्रश मिळतो, तो घ्या. रंग लावून जुन्या टॉवेलवर पुसत राहायचं, ब्रश संपला असं वाटेपर्यंत, आणि मग सांगाड्यावरून झाडू फिरवल्यासारखा फिरवायचा. काळं खाचेत राहतं, पांढरं माथ्यावर बसतं. यावर हाडाचा रंग चढला की तो नग हातभर अंतरावरून बघताना मी केलाय असं मलाच वाटत नाही.

जे जमत नाही ते सपाट पृष्ठभाग. रथाच्या बाजू, ढाली, राजाच्या सिंहासनाची पाठ. रंगाला वाहायला खाच नाही, मग तो मनाला येईल तिथे थांबतो आणि ओल्या भिंतीवर पोपडे धरतात तसे डाग पडतात. मी तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा वरून पुन्हा पांढरं मारलं. शेवटी ढालींना साधा अपारदर्शक निळा, वर कडांना थोडा फिकट, आणि कॉन्ट्रास्ट फक्त खिळ्यांच्या भोवती. सोनं तर याने अजिबात होत नाही. धातूचा रंग वेगळाच घ्यावा लागतो. म्हणून 'एका हातात सैन्य' असं कोणी सांगितलं तर विचारायचं, ढाली कोणी रंगवल्या?

ऑगस्टमध्ये राजाच्या मुखवट्याचे डोळे अडले. सोन्याचा मुखवटा, त्यावर इजिप्तच्या चित्रांत असतात तसे काजळ घातलेले लांब डोळे, आणि सगळा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पंचवटीत आमच्या माहेरच्या गल्लीत एक मूर्तिकार काका आहेत. गणपतीच्या सीझनमध्ये त्यांच्याकडे जाणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याला रेसिपी विचारणं, तरी गेले. शेडमध्ये रांगेने बाप्पा, सगळे बिनडोळ्यांचे, आणि काका स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. मी डबीतून आधी एक भालेवाला काढून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फिरवून फिरवून बघितलं.

"अगं, याला डोळेच नाहीत. आखणी कशाची करू?"

मग राजा दाखवला. तेव्हा गंभीर झाले. म्हणाले, "डोळा काढायचा नसतो. आधी काळी फट काढ, मग पांढऱ्याने तिला दोन्ही बाजूंनी बारीक कर. आणि करंगळी टेकव कुठेतरी. अधांतरी हाताने बाप्पाचाही डोळा चुकतो." माझा हात धरून त्यांनी करंगळी राजाच्या खांद्यावर टेकवली. तळाला धरलेला डावा हात आणि उजवी करंगळी एकमेकांना टेकले की दोन्ही हात एकत्रच थरथरतात, त्यामुळे ब्रशचं टोक जागेवर राहतं. मी व्हिडिओ बघून बघून हे शिकले नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात डोळे बसले. डावा किंचित मोठा आहे, पण तो हजारो वर्षं थडग्यात होता, चालायचंच.

सप्टेंबरात घरात वेगळाच प्रसंग. वीस भालेवाले वाळत ठेवायला जागा म्हणून मी ते खिडकीत, देवघराच्या शेजारी, ओळीने मांडले होते. सासूबाई दिवा लावायला आल्या आणि थबकल्या. "पितृपंधरवड्यात सांगाडे मांडतेस घरात?" मी कॅलेंडर बघितलं, खरंच पितृपक्ष सुरू होता. दुसऱ्या दिवशी सगळे बुटांच्या कपाटावर गेले. सर्वपित्रीनंतर त्यांनीच विचारलं, "झाले का गं तुझे ते हाडकुळे?" आणि वाळू चाळायला बसल्या. तळासाठी गोदाकाठची मूठभर वाळू धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने चाळली. फेविकॉल निम्म्या पाण्यात कालवून तळावर लावायचा, वर वाळू भुरभुरायची, सुकल्यावर फिकट तपकिरी कोरडा ब्रश. यासाठी कॅम्लिनचे साधे ॲक्रिलिक पुरतात, तिथे महागडे रंग ओतणं म्हणजे उधळपट्टी.

रंगाशी संबंध नाही, पण चौकोनी तळाच्या सैन्याला हात घालणाऱ्यांना सांगायलाच हवं: ओल्ड वर्ल्डमध्ये पायदळ रांगेत, खांद्याला खांदा लावून उभं राहतं, आणि माझ्या सांगाड्यांचे तळ 25 मिमीचे. भाले पुढच्याच्या कवटीत घुसतात. चिकटवण्याआधीच रांगेत उभे करून बघा आणि प्रत्येक तळाखाली नंबर टाका. मी ऑक्टोबरात, रंगवून झाल्यावर बघितलं. सतरा नंबरचा सांगाडा चोवीसच्या शेजारी राहूच शकत नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगसारखं.

टिकाऊपणा. शेवटच्या रविवारी गंगापूर रोडला एकाच्या गच्चीवर पहिली लढाई झाली, नंतर आणखी तीन. चार खेळांत भाल्यांची टोकं आणि कवटीचे माथे घासले गेले, कारण तिथेच थर पातळ असतो आणि तिथेच आपण नग उचलतो. ज्या वीस जणांना मॅट वार्निश दिलं होतं ते जसेच्या तसे. वार्निशलाही दमट हवा सोसत नाही. सप्टेंबरात एका नगावर पांढरं धुकं धरलं, वरून चकचकीत वार्निशचा ब्रशने एक हात दिल्यावर ते बरंचसं गेलं. उरलेल्यांना थंडी पडल्यावरच वार्निश केलं.

बाटल्यांचं म्हणाल तर हाडांच्या रंगाची एक संपली, दुसरी पाव गेली. हा रंग डोळे मिटून पुन्हा घेईन. चामड्याचा तपकिरी तसाच, पट्टे, भाल्यांचे दांडे, रथाची लाकडं, सगळीकडे चालतो. निळ्याशार हिरव्याने जुन्या पितळेवर कळंक चढल्याचा परिणाम इतका छान येतो की भांडीबाजारातलं एखादं जुनं घंगाळ आठवावं. पण तो माध्यम घालून पातळ करून वापरा. पाणी घालू नका, पाण्याने तो फाटतो आणि डाग देतो. लाल ठीक. काळा मला तरी निरुपयोगी वाटला, खाच आणि माथा दोन्ही काळेच. बाटली दर वेळी मिनिटभर हलवा, तळाशी रंग बसतो. मी एकदा न हलवता वापरला तर नुसतं चकचकीत माध्यम आलं आणि चार सांगाडे तेल लावून मालिश केल्यासारखे दिसू लागले.

नऊ बाटल्यांना पाच हजारांच्या आसपास गेले. हाड, तपकिरी आणि हिरवा या तिघांत माझं नव्वद टक्के काम झालं, म्हणजे पहिल्यांदा घेणाऱ्याने तीनच घ्याव्यात आणि उरलेले पैसे चांगल्या टोकाच्या एका ब्रशवर घालावेत.

जांभळा मोहाने घेतला होता, राजाच्या झग्यासाठी. रहाडीतल्या, म्हणजे आमच्याकडे रंगपंचमीला उड्या मारतात त्या हौदातल्या, रंगासारखा आहे, एकदा लागला की आठवडाभर नखातून निघत नाही, आणि झगा शेवटी लालच केला. बाटली पाऊण भरलेली आहे. नाशिकमध्ये कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त येताना दोन धनुष्यं आणा.