लिनक्सचा डिस्प्ले बिघडला: एक्स११ धरायचं की वेलँड?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं, लिनक्स टाकलं आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, की सल्ले सुरू होतात. लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र आणि खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक जण म्हणतो वेलँडवर जा, दुसरा म्हणतो वेलँड आधी बंद कर. दोघंही छातीठोक, आणि कार्ड कोणतं हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

एक्स११ हा १९८७ चा प्रोटोकॉल, वेलँडचं काम २००८ ला सुरू झालं. पण वयावरून निवड करू नका. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही कमांड चालवा. कार्ड कुठलं आणि त्याला कोणता ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लागलाय, ते दिसेल.

कार्ड इंटेल किंवा एएमडीचं असेल तर बिनधास्त वेलँड. लॅपटॉपची बारीक पिक्सेलची स्क्रीन आणि शेजारी २४ इंची साधा मॉनिटर अशी जोडी असेल, तर फरक लगेच जाणवतो. एक्स११ मध्ये दोन स्क्रीनना वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत ते) देणं म्हणजे कसरत. एकीकडची अक्षरं नीट केली की दुसरीकडची भलीमोठी होतात. वेलँड प्रत्येक स्क्रीनचा हिशोब स्वतंत्र ठेवतं. व्हिडिओ आडवा फाटल्यासारखा दिसण्याचा त्रासही जवळपास संपतो.

एनव्हीडियाची गोष्ट वेगळी. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी कंपनीच्या ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०, आणि वेलँडला हवी असलेली जीबीएमची (चित्रासाठी कार्डाची मेमरी वापरू देणारी) सोय आली ४९५ पासून. म्हणजे गाडी एका स्टेशनाने चुकली. अशा कार्डावर एक्स११ घ्या, किंवा कंपनीचा ड्रायव्हर काढून नूवो हा मुक्त ड्रायव्हर वापरा. ऑफिसच्या कामाला तो पुरतो, गेमला नाही. नवं कार्ड असेल तर २०२४ मधल्या ५५५ मालिकेपासून वेलँडवरचं लुकलुकणं बरंच कमी झालंय.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र माझं मत एक्स११ च्या बाजूने. एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टरमधून मॉनिटरची माहिती पोचली नाही, तर 'सीव्हीटी' (cvt) कमांडने मोडलाइन, म्हणजे हव्या त्या रिझोल्यूशनची आकडेवारी, काढून 'एक्सरँडआर' (xrandr) कमांडने ती चालू स्क्रीनवरच बसवता येते. चुकलंच तर एक्स११ च्या लॉगमध्ये 'ईई' (EE) अशी चुकीची खूण असलेल्या ओळी वाचायच्या. वेलँडवर एक्सरँडआरने मोड बसत नाही. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत 'व्हिडिओ=' (video=) लिहून रीस्टार्ट करावं लागतं.

वन रूम किचनमध्ये टीव्हीलाच मॉनिटर केलं असेल आणि कडा कापल्या जात असतील, तर दोघांनाही दोष देऊ नका. टीव्हीच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, निवडतानाही हे बघावं लागतं. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स११ सेशन उरलेलं नाही. जुनं एनव्हीडिया कार्ड असेल तर मिंट या डिस्ट्रोचा सिनॅमन किंवा एक्सएफसीई डेस्कटॉप घ्या.

आणि इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली म्हणून ग्रबमध्ये (चालू होतानाच्या बूट मेनूत) 'नोमोडसेट' (nomodeset) लिहिलं असेल, तर ड्रायव्हर बसल्यावर ते काढा. ते असेपर्यंत इंटेल, एएमडी किंवा नूवोचा ड्रायव्हर कामच करत नाही, आणि रिझोल्यूशन अडकून पडतं. कित्येकदा एक्स११-वेलँडचा वाद इथेच मिटतो.