सांगलीतली ड्रेपरी: लॉर्ड कोण, बटलर कोण?

मोलकरणीवर जीव जडलेला लॉर्ड, पाहुण्यांना घरधनी वाटणारा बटलर... अशा इंग्रजी खानदानी प्रहसनाला सांगलीच्या या दुकानातली ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे भाड्याचे कपडे, घ्यावी का? जरूर घ्यावी, पण बटलरचा संच तपासून.

रात्रीच्या मेजवानीत दोघांच्याही अंगावर शेपटीचा काळा कोटच असतो. फरक गळ्याशी. मालकाचा बो टाय आणि कोटाच्या आतलं बिनबाह्यांचं जाकीट पांढरं, बटलरचा बो काळा. इथे दोन्ही गठ्ठ्यांत पांढरेच बो निघतात आणि विनोदाची सगळी मेख तिथेच निसटते. काळा आठवणीने मागा. शिवाय जाकीट कोटाखालून दोन बोटं डोकावतं, ते मुळीच दिसता कामा नये. पाठीमागची पट्टी आवळा. पँटला बेल्ट नको, गॅलस (खांद्यावरून येणारे पट्टे) लावा, म्हणजे कंबर वर राहते.

मोलकरणीचे कपडे मात्र अव्वल! सकाळचा छापील सुती झगा वेगळा, दुपारनंतरचा काळा वेगळा, वर कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन. इतकी जाण क्वचित दिसते.

लेडीचे साटीनचे हातमोजे कोपराच्या वरपर्यंत येतात, पण घामाने चिकटतात. आधी हाताला पावडर लावा, कारण जेवायला बसताना ते काढावेच लागतात.