मिरजेचा तंबोरा: घेताना काय ऐकावं, घरी कसा सांभाळावा

घरात रोज अर्धा-पाऊण तास रियाजाला बसणारं कुणी असेल, तर मिरजेचा लाकडी तंबोरा जरूर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं ॲप सोयीचं आहे, प्रवासात तर ते हवंच. पण तिथे सूर आयता मिळतो. लाकडी तंबोरा लावायला नवशिक्याला वीसेक मिनिटं लागतात आणि कान तयार होतो तो त्याच वीस मिनिटांत. एवढा वेळ देणं जमणार नसेल तर घेऊ नका. बेसूर तंबोऱ्यापाशी रोज गाणं हे तंबोऱ्याशिवाय गाण्यापेक्षा वाईट.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी हाताने घडवलेली वस्तू आहे, प्रत्येक नग वेगळा निघतो. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. परसात आपण लावतो त्या दुधीचाच हा कडू, जाड सालीचा भाऊ. पूर्ण वाळला की साल लाकडासारखी कडक होते.

निवडताना आधी स्वतःची पट्टी सांगा, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाता ते. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गाणाऱ्या पुरुषाला मोठा, मर्दानी, काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईला लहान, जनानी तंबोरा. जनानी तंबोऱ्यात साधारणपणे पंचम (पहिली तार) आणि जोड (मधल्या दोन, सा च्या तारा) पोलादी, खर्ज (शेवटची, खालच्या सा ची तार) पितळी. लहान तंबोऱ्याच्या तारा सैल सोडून तो खालच्या पट्टीत लावला तर खर्ज भरत नाही, नुसता फडफडतो.

मग दांडी एका डोळ्याने टोकापासून पाहा, बाक नको. तबली (समोरची लाकडी फळी) आणि भोपळा जिथे जुळतात तिथे बोटाने चाचपा, फट नको. सेल्युलॉइडची पानंफुलं, नक्षीचे वेल यांनी किंमत चढते, आवाज नाही. ते पैसे चांगल्या भोपळ्यावर आणि जवारीवर (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या घडणीवर) घालावेत.

खरी परीक्षा खर्जाची. चारी तारा लावून घ्या आणि एकटा खर्ज तर्जनीने, नख न लावता, तारेच्या साधारण मध्यावर छेडा. नाद उतरत जाताना त्यातून गांधार (ग) वर आला पाहिजे. हा स्वयंभू गांधार कुणी वेगळा वाजवत नाही, तो खर्जाच्या तारेतच असतो. स्पष्ट ऐकू आला तर जवारी नीट बसली आहे. तो पेटीच्या गांधाराशी पडताळू नका; पेटीचा गांधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. पेटीवरून फक्त षड्ज घ्यावा, पंचम कानाने जुळवावा.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो अगदी हलका उतार. तार त्याला निसटती घासते, म्हणून आवाज गुंजतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ही घासण्याची जागा नेमकी पकडायची. कापसाचं, मऊ पिळाचं सूत घ्या, नायलॉन चालत नाही. दोरा केसभर पुढेमागे करत जा. तार ठणठणीत, मुकी वाटली किंवा नुसती झणझणली, तर जागा चुकली आहे. एक तार खुलली म्हणून बाकीच्या त्याच रेषेत खुलतील असं नाही, प्रत्येकीचा दोरा वेगळा लावावा लागतो. वापराने घोडीवर तारांच्या खोबणी पडल्या की दोऱ्याने काम भागत नाही, कारागिराकडून जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून, घ्यावी लागते. घरी कानस लावू नका. एक घास जास्त गेला तर तो परत भरता येत नाही.

खुंटी सरकत असेल तर तिला थोडा खडू चोळा आणि पिळताना आत दाबा. उरलेला बारीक फरक घोडीखाली तारांत ओवलेल्या मण्यांनी काढायचा: मणी घोडीपासून खाली सरकवला की सूर चढतो. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतच राहतात, त्यात वाद्याचा दोष नाही.

दुकानात मिळणारी गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची कापडी खोळ, बहुतेक वेळा पातळ असते. घरी शिवणं अवघड नाही, फक्त दोन्ही तुकडे सारखे कापू नका. समोरची बाजू सपाट, मागची फुगीर. पुढचा तुकडा तंबोरा कापडावर ठेवून आखा आणि भोवती एक इंच सोडा. मागच्यासाठी टेप भोपळ्याच्या फुगवट्यावरून काठापासून काठापर्यंत फिरवून माप घ्या. जादा कापड तळाशी चुण्या घालून बसवा. हे चुकलं की शिवण नेमकी भोपळ्यावर उसवते. चेन प्लॅस्टिकची, बाजूने पूर्ण लांबीची आणि आतून कापडी पट्टी लावलेली असावी, म्हणजे पॉलिशवर चरे पडत नाहीत. अस्तराला जुनी सुती साडी उत्तम.

पावसाळ्यात तंबोरा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, घामाने गंज धरतो.

पाठवायचा झाला तर तारा थोड्या सैल करा, सगळ्या एकदम काढू नका. पुष्कळ तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. सैल करण्याआधी तिच्या पायांभोवती पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. तारा बदलतानाही एकेकच बदला.