जैसलमेरला जाताय? एमएच नंबर बघून मागे लागणाऱ्या बाईकवाल्यापासून सांभाळा

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण चार शिकलेली माणसं एवढ्या साध्या गोष्टीत फसली हे सांगायलाच लाज वाटते. पण सुट्ट्यांत पुण्या-मुंबईच्या गाड्या तिकडे जाणारच आहेत, म्हणून लिहितोय.

डिसेंबरात मी, पक्या, सम्या आणि निल्या पुण्याहून अर्टिगा घेऊन निघालो, पहिला मुक्काम अहमदाबाद आणि दुसऱ्या दिवशी बाडमेरवरून जैसलमेर. किल्ल्याच्या आतच एका छोट्या हॉटेलात रूम बुक केली होती, झरोका असलेली, ३००० ॲडव्हान्सही भरला होता. ट्रिपचं सगळं आकर्षणच ते होतं, कारण ११५६ साली रावल जैसलने वसवलेलं हे गाव आजही तटाच्या आत नांदतंय, लोक राहतात, पोरं शाळेत जातात, कपडे वाळत असतात. आपल्याकडचे गड बघायची सवय असलेल्या माणसाला हे भारीच वाटतं.

गाव पाच-सहा किलोमीटर राहिलं असेल, संध्याकाळचं ऊन तटावर पडलेलं, किल्ला लांबूनच पिवळाधमक दिसत होता आणि आम्ही खिडक्या खाली करून फोटो काढत होतो. तेवढ्यात एक बाईक शेजारी आली. "पुणे से? अरे वा, जय महाराष्ट्र!" नंबरप्लेट वाचली होती त्याने, एमएच बारा. तिकडे पर्यटकांना गाठून गंडवणाऱ्या अशा लोकांना लपके म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं.

तो विकायला काहीच आला नव्हता, निदान आम्हाला तसं वाटलं. कुठे उतरणार विचारलं, आम्ही किल्ल्यात म्हटलं, तर त्याने चेहराच पाडला. म्हणाला किल्ल्यातली हॉटेलं प्रशासनाने कालपासून बंद केलीत, पाणी मुरून बुरूज ढासळतायत ना, म्हणून. आता यातली मेख बघा. पाणी मुरतं हे खरंच आहे! पूर्वी लोक खालून गडीसर तलावातून पाणी भरून आणायचे, मग नळ आले, हॉटेलं झाली, सांडपाणी वाढलं आणि किल्ल्याखालची माती भिजून काही बुरूज खरोखरच ढासळले. हे सम्याने येताना गाडीतच मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. त्यामुळे तोच सगळ्यात आधी म्हणाला, "हो रे, बरोबर बोलतोय तो." मी हॉटेलला फोन लावला, नेमकी रेंज नव्हती, आणि दुसऱ्यांदा लावायचा कंटाळा केला. हा कंटाळा आम्हाला साधारण पंधरा हजारांना पडला.

मग पुढचं सगळं ओघानेच आलं. त्याच्या 'भैया'चं ऑफिस, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर उंटाचं पोस्टर. सम ड्यून्सला (म्हणजे सम नावाच्या जागच्या वाळूच्या टेकड्यांवर) टेंट, कॅमल राईड, जेवण, नाच, माणशी ३५००, त्यातले ८००० आत्ता क्यूआरवर. शिवाय उद्याचं 'फोर्ट एंट्री तिकीट' माणशी १५०, इथूनच घ्या, तिथे फार लाईन असते. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने आकडा लिहून दिला, आणि ते कार्ड निल्याने पाकिटात नीट जपून ठेवलं. हसू नका.

सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर आहे. आम्हाला पंचवीसाव्यालाच रस्त्याकडेला वळवलं. सपाट माळ, काटेरी झुडपं, लांबवर पवनचक्क्यांचे लाल दिवे, वाळूचा डोंगर औषधालासुद्धा नाही. ड्यून्स कुठे विचारलं तर म्हणे जीपने जावं लागेल, जीपचे २५०० वेगळे. कॅमल राईड म्हणजे टेंटच्या मागून पुढे, पाच मिनिटं. जेवण गार, रजईला ओलसर वास, गरम पाणी सकाळी बादलीने, तेही एकच बादली चौघांत. पक्याने आवाज चढवला तर पाच-सहा जण आजूबाजूला येऊन नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत. रात्रीचे दहा, अनोळखी जागा. उरलेले पैसे मुकाट्याने दिले.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याखाली गाडी लावून चालत वर गेलो. पहिलाच दरवाजा अखै पोल, तिथे मी ते कार्ड हातात धरून तिकीट चेक करणारा शोधतोय, आणि बायका भाजीच्या पिशव्या घेऊन खुशाल आत जातायत. चहावाला हसला, "साहब, यहाँ लोग रहते हैं, घर जाने का टिकट लगता है क्या?" तिकीट लागतं ते आतल्या राजवाड्याच्या म्युझियमला, किल्ल्यात शिरायला नाही. सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल, चारही दरवाजे ओलांडले, कोणी हटकलंसुद्धा नाही.

आमचं हॉटेल चालूच होतं. दारात एक फॉरेनर जोडपं बॅगा उतरवत होतं. मालक म्हातारे गृहस्थ, आम्हाला आत बसवून चहा दिला, झरोक्याची रूमही दाखवली, बेडवरची चादर तशीच, न चुरगळलेली. "रात ग्यारह बजे तक राह देखी आपकी, फोन भी किया." मोबाईल बघितला तर खरंच, त्यांचे तीन मिस्ड कॉल होते. ॲडव्हान्स त्यांनी परत दिला नाही, आणि मागायला आम्हाला तोंडही नव्हतं.